खिडकीवरचा उतार

त्बिलिसीत, सातमजली इमारतीच्या तळघरात
माझी पावाची भट्टी.
खिडकी रस्त्याला टेकलेली,
त्यामुळे माणसं मला घोट्यापर्यंतच दिसतात.
तेवढी पुरतात.

ऊशांगीचे बूट, उजवा जास्त झिजलेला.
बस चालवायची सोडून नऊ वर्षं झाली,
पाय अजून ब्रेकवरच.
त्सिआलाआजीची काठी, मागून लोकरी मोजे.
मझेविनारचे सँडल, दोनदा टाच बदललेले.
कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला निघालेली बाई;
उंबरठे तसेच राहिले, टाचा झिजल्या.
आणि तिच्या तोर्निकेचे बूट:
सोळा वर्षांच्या पोराचे, पांढरे,
तळवे अजून दुकानातल्यासारखे.
खुर्चीच्या फळीवर बसून जाणारे,
दोन्हीकडे एकेक चाक.

आमच्या लिफ्टला नाणं लागतं.
त्सिआलाआजीनं आत लोणच्याची बरणी बांधली,
तोर्निकेसाठी, ज्याला जमेल त्यानं टाकावं.
बरणी कधी रिकामी झाली नाही.
आम्हाला वाटलं, झालं आपलं काम.

पण लिफ्ट आणि रस्ता यांच्यात अकरा पायऱ्या.
पालिकेनं कधीतरी दोन लोखंडी पट्ट्या ठोकल्या,
इतक्या उभ्या, की मांजरसुद्धा पायऱ्यांनी येतं.
म्हणून चार पुरुष.
हाक मारली की येत, उचलत, हसत,
आणि मझेविनार प्रत्येकाला कॉफी देई, अक्रोडाची माळ देई,
तुमचे उपकार, तुमचे उपकार.
शेवटी ती हाकच मारेनाशी झाली.

त्या हिवाळ्यात चाकं दिसली नाहीत.
मी दोन पाव घेऊन वर गेले.
तो काचेशी बसून खालच्या दिव्याकडे बघत होता,
तिथं पोरं उगाचच उभी होती.
म्हणाला, "एतेरीमावशी, चार खांदे माणसाला एकदाच लागतात.
मला रोज कशाला?"
मला काही सुचलं नाही.
गरम आहे, खा, म्हटलं.

मग अंगणात सभा.
जुम्बेर म्हणाला, माझ्या गाडीची जागा सोडून कुठूनही काढा.
ऊशांगीनं दोरी धरून तीनदा मोजलं,
खडूनं रेघ मारली,
आणि रेघ येऊन थांबली माझ्या खिडकीवर.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

खरं सांगते, मी नाही म्हटलं.
उजेड जाईल, पावाचा रंग कसा कळणार?
दोन दिवस नाहीच म्हणत राहिले,
मी, बरणीत रोज नाणं टाकणारी.
नाणं देता येतं, ते सुटं असतं.
उजेड सुटा नसतो.

तिसऱ्या दिवशी मझेविनार पाव घ्यायला आली.
उताराबद्दल चकार शब्द नाही.
पैसे मोजून ठेवले आणि जाता जाता म्हणाली,
तुमचे उपकार.
पावाचे! विकत घेतलेल्या पावाचे!
मी चिडले. कुणावर, ते अजून कळलेलं नाही.
पिठाच्या हातांनीच ऊशांगीच्या दारात गेले,
म्हटलं, ओत तुझं सिमेंट.

आता दिवसाही बल्ब.
बिल सगळ्या घरांनी वाटून घ्यायचं ठरलंय;
जुम्बेर अजून उद्या देतो म्हणतो,
मात्र त्याचं नवं वॉशिंग मशीन
ह्याच उतारावरून सुळकन् वर गेलं.
पाय कुणाचेच दिसत नाहीत. ऐकू येतात:
बाळगाडी, काठी, सिलिंडरवाल्याची ढकलगाडी,
आणि ती दोन चाकं, कायम घाईत.

काल रात्री अकराला
सातव्या मजल्यावरून हाक आली,
"एतेरी! तोर्निके दिसला का गं? कुठं उलथलाय?"
मी दारात येऊन, मान वर करून ओरडले,
"मला काय माहीत!"
ती शिव्या देत राहिली,
त्याला, त्याच्या मित्रांना, थंडीला.
अशा आया ह्या इमारतीत
मजल्यागणिक आहेत.

मी आत आले,
पुढचा पाव भट्टीच्या भिंतीला लावला.